कळव्याला सुरू होणारं कोळीगीत

‘कॅमल’ या इंग्लिश बँडची ‘द स्नो गूज’ ही १९७५ची रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली ती डोंबिवलीत, ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलेली. रेकॉर्ड ४३ मिनिटांची. उरलेली टेप कोरी सोडणं आमच्या कॅसेटवाल्याच्या तत्त्वात बसेना. त्याने दोन्ही बाजूंच्या शेपटाला कोळीगीतं भरून दिली, आणि वर ‘त्याचे पैसे नाही लावले’ असंही सांगितलं.

याच नावाची पॉल गॅलिकोची एक छोटीशी कादंबरी आहे. एसेक्सच्या दलदलीत एकटा राहणारा चित्रकार, जखमी हंस कवटाळून त्याच्या दारी आलेली मुलगी, पुढे डंकर्कचं युद्ध. ती सगळी गोष्ट या मंडळींनी एकाही शब्दाविना सांगितली. एका ठिकाणी नुसतं गुणगुणणं आहे, तेवढंच. साथीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. त्या काळी प्रोग्रेसिव्ह रॉकच्या पंथातले लोक वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधून तानबाजीत एकमेकांना हरवत होते. कॅमलचा जीव मात्र बंदिशीत. ‘रेयडर’ या तुकड्यातली बासरी कशी निघते? ८.१२ची गाडी पकडायचीय, पण छत्री विसरलेली नाही, अशी.

बाबा नाट्यसंगीतवाले. दारात उभं राहून त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. बासरी आणि गिटार एकच माणूस, अँडी लॅटिमर, वाजवतो हे कळल्यावर विचारलं, “मग पगार दोन घेतो का रे?” त्यांच्याकडून ही दादच होती.

वॉकमन आल्यावर ती कॅसेट धीम्या लोकलमध्ये गेली. डोंबिवलीला बटण दाबायचं. दिव्यापर्यंत दलदल, मुंब्र्याला पक्ष्यांचं स्थलांतर, चित्रकार पुन्हा एकटा पडला की बाजू संपत यायची. कळवा सुटून गाडी खाडीवर चढली की कानात कोळीगीत! खाली पाणी, कडेला खारफुटी, कधी एखादी होडी. एसेक्स मी पाहिलेलं नाही. माझी दलदल हीच, आणि हिवाळ्यात ऐरोलीकडच्या चिखलात उतरणारे फ्लेमिंगो हेच माझे हंस. जरा जास्तच गुलाबी, एवढंच.

पुढे सीडी आणली. आवाज काचेसारखा स्वच्छ. चित्रकार एकटा पडला, आणि लगेच दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं! मध्ये कोणी नाहीच. मी सीडी थांबवली, कोळीगीताचं एक कडवं स्वतःच म्हटलं, आणि मग पक्षी उडू दिला.