सेविसनाना

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत पाण्याची तक्रार असली तर माणूस सेक्रेटरीकडे जातो, आणि पोराला अमेरिकेला पाठवायचं असलं तर दुसऱ्या मजल्यावर नानांकडे. नाना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांचं एक वाक्य गाजलेलं होतं: "सगळं ठीक आहे हो, पण एक कागद कमी आहे." या एका वाक्यावर त्यांनी अख्ख्या डोंबिवलीला खेटे घालायला लावले. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांची लेक डेटा सायन्सच्या एमएससाठी ॲरिझोनाला गेली, आणि नाना काउंटरच्या अलीकडे येऊन उभे राहिले. शैक्षणिक कर्ज त्यांनी स्वतःच्याच बँकेतून काढलं. अर्ज तपासायला बसलेला अधिकारी नानांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने फाइल चाळली, चष्मा काढला आणि म्हणाला, "नाना, सगळं ठीक आहे, पण…"

अशी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. ठाण्यात आहेत, कोथरूडला आहेत, नाशिकच्या कॉलेज रोडवर आहेत. पासपोर्टवर एक शिक्का नाही, पण अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा कलमवार पाठ. सकाळी चहाच्या आधी हातात मोबाइल आणि तोंडात एकच प्रश्न: "तात्यांनी रात्रीत काय केलं?" तात्या म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. हे नाव मराठी माणसाने थट्टेने ठेवलं, पण नाना ते थट्टेने घेत नाहीत. तात्यांची सही कशावर झाली यावर त्यांचं त्या दिवसाचं ब्लडप्रेशर ठरतं.

ॲरिझोना त्यांना एका कारणासाठी फार आवडतं. बाकीची बहुतेक अमेरिका वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करते, ॲरिझोना करत नाही. बारा महिने आपल्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचंच अंतर. "त्या देशात न बदलणारी एवढी एकच गोष्ट मला सापडली," असं ते सांगतात.

नानांची सगळ्यात मोठी धास्ती सेविसची. सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकेतली सरकारी संगणकी नोंदवही. तिच्यात नाव 'चालू' आहे तोवर पोरगं तिथे, नोंद बंद पडली की पुढचं देव जाणे. 2025 च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक बंद झाल्या. कित्येकांचा गुन्हा काय, तर कधीतरी वाहतुकीच्या नियमावरून पोलिसांशी गाठ पडली होती. मुलं कोर्टात गेली आणि महिनाअखेरीला सरकारने नोंदी पुन्हा सुरू करायला घेतल्या. पण त्या तीन आठवड्यांत नानांनी घरातून जी आचारसंहिता जारी केली ती अजून मागे घेतलेली नाही. स्पीकरवर चाललेलं संभाषण मी स्वतः ऐकलं आहे.

"बाबा, मी दूध आणायला चाललेय."

"गाडीने?"

"हो, मैत्रिणीच्या."

"चालवणार कोण? तिचा व्हिसा कुठला?"

"अरे बाबा, तिचा जन्म इथलाच आहे."

"मग तिलाच जाऊ दे की! तू घरात बस. आणि जायचंच असलं तर रस्ता सिग्नललाच ओलांड."

हे सांगणारा माणूस नोकरीभर डोंबिवली स्टेशनात पूल सोडून रुळांवरून पलीकडे गेलेला आहे. फास्ट लोकल समोर दिसत असताना.

त्याच्याही आधी, तिथल्या पहिल्याच वर्षी, लेक चुलतभावाच्या लग्नाला येणार होती. मुहूर्त जानेवारी 2025 अखेरचा. पण त्याआधीच अनेक अमेरिकी विद्यापीठांनी परदेशी मुलांना कळवलं होतं की 20 जानेवारीच्या शपथविधीच्या आत परत या. नानांनी मुहूर्त पुढे-मागे होतो का, हे भटजींना विचारून पाहिलं. भटजींनी पंचांग उघडलं, नानांनी शपथविधीचं वेळापत्रक उघडलं, दोघांचं जमलं नाही. शेवटी लग्नात नाना पूर्ण वेळ हात उंच करून फोन धरून उभे. अंतरपाट दूर व्हायला आणि रेंज जायला एकच गाठ पडली. अक्षता बऱ्याचशा फोनवरच पडल्या.

लेकीचं बस्तान बसल्यावर नानांकडे रिकामा वेळ आला, आणि त्यातून त्यांची मोफत वकिली सुरू झाली. पहिलं अशील तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा. त्याला 2025 च्या ऑगस्टचा प्रवेश मिळाला होता, आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, हातात होती. मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच थांबवलं. तीन आठवड्यांनी, जूनच्या मध्यावर, पुन्हा सुरू केलं तेव्हा नवी अट: सोशल मीडियावरची सगळी खाती सार्वजनिक करा, आम्ही वाचणार. गेल्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं अर्जात तर आधीपासूनच द्यावी लागत होती.

नानांनी पोराला समोर बसवलं आणि त्याचं इन्स्टाग्राम पासबुक तपासावं तसं ओळीओळीने तपासलं. विसर्जनाच्या मिरवणुकीतला नाच चालेल, पण गुलालाने तोंड ओळखू येत नाही, तो फोटो काढ. तात्यांवरची मीम्स काढ. "आणि हे काय? 'सिस्टीमला आग लावा'?"

"नाना, ते कॉलेजच्या फेस्टमधल्या साऊंड सिस्टीमबद्दल आहे."

"तुला माहीत, मला माहीत. बीकेसीला अमेरिकी वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाला माहीत आहे का?"

मग रंगीत तालीम. नाना स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभे, पोरगा पॅसेजमध्ये, नानांच्या पत्नी, आमच्या काकू, मधे कुकर लावताहेत. "व्हाय धिस युनिव्हर्सिटी?" इथवर नानांचं इंग्रजी कडक. पुढे मात्र मायबोली. "कलम 214 ब माहीत आहे ना? तू तिकडेच राहायला चालला आहेस असं ते आधीच गृहीत धरतात. नाही म्हणून तू पटवायचंस. सांग, परत येणार?"

"खरंच येणार आहे, नाना."

"खरं असणं पुरत नाही. पटेल असं बोल."

या तालमीच्या भरात एकदा आनंदीबाई जोशींचा विषय निघाला. नाना म्हणाले, "1883 साली बाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. गोपाळरावांकडे कोणी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं होतं का?" मुद्दा बिनतोड होता. फक्त त्याच्या आदल्याच वर्षी, 1882 साली, अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला होता, हे मी बोललो नाही. नानांना तेवढंच एक सुवर्णयुग उरलं आहे.

पोराला स्लॉट मिळेस्तोवर ऑगस्ट उलटून गेला. त्याने प्रवेश सोडला आणि एप्रिलच्या सत्रासाठी जर्मनी धरली. तिथे वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांवर रुपये, आधीच एका खात्यात कोंडून ठेवावे लागतात आणि दरमहा ठरावीक तेवढेच हातात येतात. हे वाचून नानांचा चेहरा फुलला. "हा देश बँकवाल्यांच्या हातात दिसतो."

अमेरिकी कॉलेजांबद्दल मात्र त्यांचं मत स्वच्छ आहे. लेकीच्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून आलेला प्रत्येक मेल ती नानांना पुढे पाठवते (स्वतः वाचते की नाही, मला शंका आहे). 'आम्ही तुमच्या पाठीशी ठामपणे उभे आहोत' हे वाक्य आलं की नाना पेन्सिलीने अधोरेखित करतात आणि शेजारी लिहितात: 'फी भरण्याची मुदत खाली दिली आहे.' 2024-25 मध्ये अमेरिकेत आपली 3 लाख 63 हजार मुलं होती, कोणत्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास मास्टर्स-पीएचडीची. मास्टर्सला फी बहुधा पूर्ण, सवलत तुरळक. पुढच्याच हंगामात तिथे नव्याने येणारी परदेशी मुलं 17 टक्क्यांनी घटली, तेव्हा नानांनी बातमी मोठ्याने वाचली. "आपल्याकडचा मॅनेजमेंट कोटाच हा! कोटा रिकामा राहिला की संस्थाचालकाचा जीव वरखाली होतो, तसं आता यांचं होणार."

कॅनडात हे आधीच होऊन गेलं आहे. काकूंचा भाचा ऑन्टारियोत आहे, त्यामुळे ती शाखाही नानांकडेच. तिथल्या सरकारने 2019 मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्के कमी करून गोठवली. कॉलेजांनी खड्डा भरायला परदेशी मुलं भरली, बहुतेक आपली. मग घरं मिळेनात, लोक ओरडू लागले, आणि जानेवारी 2024 मध्ये केंद्राने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद केले, प्राध्यापकांना घरी पाठवलं. भाचा सुटला, कारण तो आधी पोचला होता. या सगळ्यात कोणाचं किती चुकलं हे नाना सांगत नाहीत, ते फक्त म्हणतात, "कर्ज वाटताना कोणी विचारत नाही, वसुलीला सगळे जागे होतात." मला त्यांचं हे एक वाक्य त्या विषयावरच्या पुष्कळ लेखांपेक्षा बरं वाटतं.

सर्वांत मोठा प्रसंग 2025 च्या सप्टेंबरातला. तात्यांनी शुक्रवारी, 19 तारखेला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर लावले. आपल्याकडे शनिवारची पहाट, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. नानांनी दार वाजवलं तेव्हा अंगात बनियन, हातात कॅल्क्युलेटर. "88 लाख! एका अर्जाला! आणि पितृपक्षात सही करतं का कोणी?" कंपनी लेकीला हे पैसे भरून का ठेवून घेईल, हा त्यांचा सवाल. लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "बाबा, मला उद्या असाइनमेंट द्यायचीय. तू जरा व्हॉट्सॲप बंद कर ना."

महिन्याभराने, ऐन दिवाळीत, खुलासा आला की जे विद्यार्थी तिथेच राहून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वनवर जातात त्यांना हा आकडा लागू नाही. नानांनी त्या दिवशी फराळाचे डबे साऱ्या सोसायटीत स्वतः फिरवले. दुसऱ्या दिवसापासून नवी काळजी: आता एच-वनच्या सोडतीत जास्त पगारवाल्याला जास्त संधी देणार म्हणे, मग फ्रेशरचं काय?

लेकीचं एमएस मे 2026 मध्ये संपतं. मग ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, तिचा विषय तंत्रज्ञानाचा म्हणून पुढे आणखी दोन, आणि पहिल्या वर्षात सगळे मिळून 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. ते 90 दिवस नानांनी कालनिर्णयवर पेन्सिलीने आत्ताच आखून ठेवलेत, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या मधोमध. पोरगी रोज नोकरीचे अर्ज पाठवते, सांगत काही नाही.

तुमच्या घरी कोणी जायच्या तयारीत असेल तर संध्याकाळी सहानंतर नानांकडे खुशाल या. फी नाही. मूळ कागद, दोन झेरॉक्स संच आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन बाय दोन इंचांचे फोटो आणा. एक कागद कमी निघेलच, तो दुसऱ्या दिवशी आणा. चहा मिळेल. फक्त "मुलगी तिकडेच राहणार की परत येणार?" असं विचारू नका. व्हिसाच्या खिडकीपाशी त्याचं एक उत्तर असतं, एच-वनच्या अर्जात दुसरं, आणि काकूंसमोर कोणतं द्यायचं हे नानांचं अजून ठरलेलं नाही.