आधी वजन खरं सांगा

खवळलेल्या पाण्यासाठी विंडसर्फिंगचं सामान घ्यायला निघालात की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "वजन किती?" इथे खरं बोला. मी लग्नात होतं ते सांगितलं, 74. त्यानंतर पदरात पडलेले 8 किलो मी हिशेबात धरले नाहीत. पाण्याने धरले.

बोर्डाचं माप लिटरमध्ये असतं. ढोबळ हिशेब असा, की एक लिटर एक किलो तोलतो. त्या किलोंत तुम्ही आलात, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून दहा-बारा किलो आले, बोर्डाचं स्वतःचं वजनही आलं. मी 95 लिटरचा बोर्ड घेतला, कारण तो देखणा होता आणि किनाऱ्यावरच्या सर्वांत पटाईत माणसाकडे तसलाच होता. त्यावर उभा राहिलो आणि विसर्जनाच्या गणपतीसारखा, सावकाश आणि इतमामाने, खाली गेलो.

हे सगळं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं. उन्हाळ्यात आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचा गार वारा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसतो. दुपारी फटीलगतच्या क्रिसी फील्डच्या किनाऱ्यावर 20 ते 25 नॉट वारा म्हणजे रोजचंच. त्यात ओहोटी लागली की पाणी बाहेर निघालेलं आणि वारा आत येणारा. दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या, आखूड आणि एकमेकींना खेटून उठतात. इथली जुनी मंडळी त्याला 'वूडू चॉप' म्हणतात. चेटूकच ते.

अशा पाण्यात रुंद बोर्डाचे हाल बघवत नाहीत. खड्ड्यांतून रिकामा टेम्पो जावा तसा तो आदळत जातो, नाकाखाली वारा शिरला की उचललाही जातो. अरुंद आणि बुडाला किंचित व्ही आकार असलेला बोर्ड लाटा मुकाट कापतो. म्हणजे पाण्याला लहान बोर्ड हवा आणि तुम्हाला मोठा. कारण लहान बोर्डावर उभं राहून दोरीने शीड वर ओढता येत नाही. पाण्यात पडल्या पडल्या शीड वाऱ्यात धरायचं आणि त्यानेच आपल्याला उचलून बोर्डावर ठेवायचं, याला वॉटरस्टार्ट म्हणतात. तो येत नसेल तर आपल्या वजनात निदान 40-50 लिटर मिळवा आणि आदळणं सोसा. किंवा तोवर माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन तळ्यात शिका. पाणी गुणी आहे. ऑफिसातलं कुणी भेटण्याची भीती तेवढी आहे.

आता शीड. वारा 15 नॉटचा 20 झाला तर आपल्याला वाटतं, थोडा वाढला. पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पट होतो. ऐंशी किलोच्या माणसाला 20 नॉटमध्ये पाचेक चौरस मीटरचं शीड पुरे. पाणी खवळलेलं असेल तर त्याहून थोडं लहानच. "मोठं घेतलेलं बरं, उद्या वारा कमी असला तर?" हा विचार शाळेचा गणवेश घेताना करावा.

शीड बरोबर घेतलं तरी ताणताना घोटाळा होतोच. डोलकाठीच्या बुडाशी पाय रोवून दोरी ओढायची, बोटांवर वळ उठेपर्यंत. मग शिडाच्या वरच्या भागातली मागची कड सैल पडते, लोंबल्यासारखी दिसते. नवशिक्या इथेच घाबरतो आणि दोरी ढिली करतो, कारण त्याला शीड इस्त्रीच्या शर्टासारखं हवं असतं. पण झोत आला की ती सैल कड उघडते आणि जास्तीचा वारा सांडून देते. इस्त्रीचं शीड काहीच सांडत नाही. कमरेचा हुक अडकवलेला असेल तर ते तुम्हाला उचलून बोर्डाच्या नाकापलीकडे नेऊन टाकतं. माझ्या नडगीवर त्याची पोच आहे.

डोलकाठी बारीक व्यासाची घ्या, मार जास्त खाते. रंगाचा विचार करू नका.

फिन म्हणजे बोर्डाच्या शेपटीखालचं पातं. ते शिडाच्या मापाने घ्यावं. पाचच्या शिडाला साधारण 24 ते 28 सेंटीमीटर. फार मोठं घेतलं तर वेगात शेपूट वर उचलतं आणि बोर्ड पालथा व्हायला बघतो. फार लहान असलं तर उसळत्या पाण्यात पात्यालगत हवा ओढली जाते आणि मागची बाजू अचानक सुटते, पहिल्या पावसात स्कूटरचं मागचं चाक सुटतं तशी. तेव्हा मागच्या पायाने ढकलू नका, पाय पोटाशी घेऊन शेपूट अंगाखाली ओढा. आणि स्क्रू स्वतः आवळा. मी एकदा "आवळला असेलच" म्हणून निघालो. ते फिन आता खाडीच्या तळाशी आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट राहिली होती. भरती-ओहोटीचं वेळापत्रक. फिन नसलेला बोर्ड जाईल तिकडे जातो, वाराही तेवढ्यात पडला, आणि ओहोटी मला गोल्डन गेटच्या पुलाच्या दिशेने घेऊन चालली. वाटेतल्या टॉर्पेडो व्हार्फ या धक्क्याच्या खांबाला मिठी मारली तेव्हा वर खेकडे धरणारे एक आजोबा वाकून बघत होते. दोर सोडण्याआधी त्यांनी विचारलं, "वजन किती?"

"ब्याऐंशी," मी म्हणालो.