रिकाम्या बाटलीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती काचेची बाटली (रिकामी),
मु. घराचा मागचा कोपरा, तिरोडा, जि. गोंदिया.

विषय : आपल्या पुनर्वसनाबाबत.
संदर्भ : घनकचरा व्यवस्थापन नियम, 2026.

बाईसाहेब, सा. न. वि. वि.

अभिनंदन! 1 एप्रिलपासून (तारखेवर जाऊ नका) देशभरातल्या कचऱ्याचे कागदोपत्री चार भाग झाले : ओला, सुका, सॅनिटरी आणि 'विशेष काळजीचा'. तुमची नेमणूक सुक्यात, कागद-प्लॅस्टिक-रबराच्या पंगतीत. बल्ब आणि थर्मामीटर तुमच्याच घराण्यातले, पण त्यांची वर्णी 'विशेष काळजी'त लागली. थर्मामीटरात पारा असतो. तुमच्यात नाही, म्हणून काळजीही नाही. फुटलात की मात्र तुम्ही त्याच सुक्या पोत्यात वाट बघता आणि कचरा निवडणाऱ्या बाईचा हात आधी तुम्हालाच सापडतो.

आमच्या गल्लीतल्या कबाड्याचे नियम याहून जुने आणि पक्के. तो रद्दी, पुठ्ठा, लोखंड तोलून घेतो; बिअरची अख्खी शिशी मोजून घेतो. लोणच्याची बरणी, सॉसची बाटली, फुटका आरसा पुढे केला, की काटा उचलून गाडी ढकलायला लागतो. "काच नको भाऊ. वजन भारी, भाव काही नाही." सगळं अर्थशास्त्र त्यानं एका वाक्यात सांगितलं, आणि आम्ही उगाच कार्यशाळांना जातो.

तुमची पुण्याई खरं तर मोठी. कितीही वेळा वितळवा, दर्जा घसरत नाही. हे प्लॅस्टिकच्या नशिबी नाही. अडचण एवढीच, की भट्टी 1500 अंशांच्या घरात तापवावी लागते. उन्हाळ्यात आम्ही पंचेचाळिशी गाठतो, त्यात तुमचं भागत नाही. गावाला लागून 3300 मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, पण तिथं कोळशाला मान. काचेचं माहेर पार फिरोजाबादेत, आणि तिथवरच्या डिझेलचा खर्च तुमच्या किमतीत बसत नाही.

1908 साली लोकांनी पैसा-पैसा जमवलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला होता. आज तुम्हाला परत घ्यायला कोणी पैसा काढत नाही. निलगिरीत 2022 पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्तीचे घेतात आणि रिकामी बाटली दिली की परत करतात. तिथले तळीरामसुद्धा बाटली जपून घरी नेतात म्हणे. आपल्याकडे 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत प्लॅस्टिकच्या बाटलीवर परतीची रक्कम ठरवली. तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

मग तुम्ही जाता कुठं? धुऱ्यावर. संध्याकाळची बैठक उठली, की मंडळी तुम्हाला बांधीत भिरकावतात. आषाढात चिखलणी होते, तुमचे तुकडे खाली जातात आणि रोवणीच्या बाया अनवाणी उतरतात. धानाच्या रोपाआधी काच पायाला लागते. पाय फडक्यानं बांधून बाई पुन्हा चिखलात उतरते, कारण मजुरी रोवणीची असते, पायाची नाही.

तेव्हा विनंती, की पंधरवड्यातून एक दिवस फक्त काचेची गाडी फिरावी, आणि तुम्ही त्या दिवसापर्यंत अख्ख्या राहावं. दुसरी अट पाळणं तुमच्या हातात आहे. पहिलीचं आम्ही बघतो, म्हणजे अर्ज देतो.

आपला,
एक करदाता

ता. क. : झाकण वेगळं ठेवा. पत्र्याचं आहे, कबाडी घेईल.