काही नाही, नुसतं सूप

बीजिंगमध्ये आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला ‘आयी’ म्हणायची रीत आहे. भाजीवाली आयी, घरकामाला येणारी आयी, बसमध्ये कोपराने ढकलून जागा पटकावणारी तीही आयीच. त्यामुळे ही अमुक एका आयीची हकिगत आहे, असं कुणी समजू नये. शहराच्या पूर्वेला बालीझुआंगकडे, जुन्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, लिफ्ट नसलेल्या सहामजली इमारतींमध्ये दर जिन्याला हिची एकेक प्रत सापडते. केस आखूड आणि कुरळे करून घेतलेले, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. कामगार बायकांसाठीच्या जुन्या नियमाप्रमाणे गिरणीने हिला ५०व्या वर्षीच निवृत्त केलं. मुकादमी मात्र तिने घरी आणली.

जिन्यात भेटली आणि ‘आज काय बेत?’ म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं : “काही नाही, नुसतं सूप.”

नुसतं सूप म्हणजे कोहळ्याच्या पाण्यात शिजवलेले डुकराच्या खिम्याचे गोळे. उत्तर चीनमध्ये हे घरोघरी होतं आणि वरणाची जशी आपल्याकडे कुणी बढाई मारत नाही, तशी याचीही कुणी मारत नाही. या ‘नुसत्या’साठी आयी सकाळी सहाला घर सोडते.

मंडईत अख्खा कोहळा सहसा कुणी घेत नाही. तो पोत्याएवढा आडवा पडलेला असतो आणि विक्रेता हवी तेवढी जाड चकती कापून देतो. भाव जीनवर, म्हणजे अर्ध्या किलोवर. आयी आधी सालीवरची पांढरी बुकटी बोटाने पुसून बघते, मग सुरी कुठे पडावी याचं दिग्दर्शन करते. इकडे. जरा अलीकडे. एवढं नको, बियांचा भाग जास्त येतोय. शेवटी विक्रेता विचारतो, “आयी, कोहळा घेताय की सोयरीक जुळवताय?” ती मोबाइलने पैसे चुकते करते आणि पैसे पोचल्याचा आवाज विक्रेत्याच्या यंत्रातून येईतो कांद्याच्या पातीच्या दोन काड्या आपल्या पिशवीत सरकवते. आवळा देऊन कोहळा काढणारे आपल्याकडे पुष्कळ. ही कोहळा विकत घेऊन वर पात काढते.

मांसाच्या दुकानात तयार खिमा असतो. त्याकडे ती ढुंकून बघत नाही. कुठल्या जनावराचा, कधीचा, कुणाला ठाऊक? पुढच्या पायाचा तुकडा घ्यायचा, सात भाग मांस आणि तीन भाग चरबी. निव्वळ मांसाचे गोळे घट्ट होतात म्हणून चरबी हवीच. दुकानदार तुकडा डोळ्यांदेखत यंत्रातून काढून द्यायला तयार असतो, पण ती सोय सुनांसाठी. घरी दोन सुरे काढले जातात, ओट्यावर जाड लाकडी ठोकळा येतो आणि नवऱ्याला हाक जाते. हा गृहस्थ गिरणीत फिटर होता. हल्ली तो ‘म्हातारा’ या एकाच हुद्द्यावर आहे. ठोकण्याचा आवाज चार मजले खाली ऐकू जातो.

खिम्यात मीठ, सोया सॉस, चमचाभर शाओशिंगची दारू, अंड्याचा पांढरा बलक, थोडं स्टार्च. आलं आणि पात चुरून भिजवलेलं पाणी मात्र एकदम ओतायचं नाही. चमचा चमचा घालायचं, ते जिरलं की पुढचा. आणि घोटायचं एकाच दिशेने. मीठ घालून घोटलं की मांसातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. म्हणून गोळा मऊही राहतो आणि फुटतही नाही. हे झालं शास्त्र. दिशा बदलली तर सगळं वाया जातं, हा आयीचा धर्म. मध्येच फोन वाजला म्हणून तिने वाडगं म्हाताऱ्याच्या हातात दिलं होतं. परत आली ती थेट चौकशीवर.

“कुठल्या बाजूने ढवळलंस?”

“तुझ्याच.”

आयीने आधी खिम्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. खिम्यावर तिचा जास्त विश्वास दिसला.

सुनेने सासूची कृती लिहून घ्यायचं ठरवलं. ती एका बँकेत आहे आणि तिच्याकडे ग्रॅम दाखवणारा काटा आहे. मीठ किती? अंदाजाने. पांढरी मिरी? थोडी. स्टार्च? लागेल तेवढं. वहीचं पान कोरंच राहिलं. पण सुनेने कोहळ्याच्या फोडी जरा जाड कापल्या, तेव्हा अंदाज क्षणात संपला. “चॉपस्टिकच्या जाडीची हवी,” असं म्हणून आयीने खरोखरच चॉपस्टिक शेजारी धरून दाखवली.

गोळे सोडताना स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. पाणी गरम हवं, पण उसळतं नको, नाहीतर गोळे विस्कटतात. आयी डाव्या मुठीत खिमा घेते, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून वर काढते, ओल्या चमच्याने उचलते आणि अलगद सोडते. सगळे पडले की आच वाढवायची, वर आलेला फेस काढायचा आणि मग कोहळा घालायचा. फोडी काचेसारख्या पारदर्शक झाल्या की मीठ, तिळाच्या तेलाचे दोन थेंब, कोथिंबीर. इथवर यायला सकाळ संपलेली असते.

कोहळा थंड, हे तिलाही माहीत आहे. जुलैच्या मध्यापासून सान्फूचे दमट दिवस सुरू झाले की तो अंगातला ओलावा काढतो, सूज उतरवतो, अशी तिकडची जुनी समजूत आहे. आयी ती बरीच ताणते. गुडघे दुखतात, कोहळा. नातवाला गणितात कमी गुण पडले, डोक्यात उष्णता, कोहळा. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दाराला अख्खा कोहळा टांगतात, असं मी एकदा सांगून बसलो. तिने आकार विचारला. मी हाताने दाखवला. मग किती दिवस टांगतात ते विचारलं.

“आणि नंतर?”

“नंतर बदलतात.”

“म्हणजे खात नाहीत?” तिने मनातल्या मनात वाडग्यांचा हिशेब केला असावा, कारण त्यानंतर दोन-तीन दिवस ती माझ्याशी जपून बोलत होती.

वाढताना तिचं गणित पक्कं असतं. नातवाला गोळे जास्त, मुलाला त्याहून कमी, म्हाताऱ्याला कोहळा, कारण त्याचं कोलेस्टेरॉल. पहिला घोट घेऊन ती जाहीर करते, “आज जमलं नाही.” यावर सगळ्यांनी एका सुरात ‘छे छे’ म्हणायचं असतं. मुलाने एकदा ‘हो, जरा अळणी आहे’ म्हटलं. त्याला पुढचा आठवडाभर सूप खारट मिळालं.

गेल्या रविवारी सुनेने ते एकटीने केलं. मीठ काट्यावर, पाणी मापाने, घोटायला विजेचं यंत्र. आयी दाराशी हाताची घडी घालून उभी होती. यंत्र एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे तिला बोलायला जागा नव्हती. गोळे गोल, मऊ, एकही फुटला नाही. जेवायला बसल्यावर तिने चव घेतली, मान हलवली आणि “छान झालंय” म्हणाली. सुनेचा चेहरा खुलला. मग आयी उठली, मिरीची बाटली घेऊन आली आणि टेबलाभोवती फिरून एकेका वाडग्यात चिमूट चिमूट टाकत गेली.

“मा, मिरी कमी होती का?” सुनेने विचारलं.

“नाही, बरोबर होती,” आयी म्हणाली आणि माझ्याही वाडग्यात टाकली.