गंगापूर रोडचे सरदार

नाशकात पन्नाशी ओलांडलेल्या खात्यापित्या पुरुषाला तीनपैकी एक नाद हमखास लागतो. कोणी सायकलवरून त्र्यंबकला जातो. कोणी वाइनचा पेला उजेडात धरून त्यातल्या वासांची नावं सांगू लागतो. आणि कोणी घोड्यावर बसायला शिकतो. पहिल्या दोघांचा जाच घरच्यांपुरता असतो. तिसऱ्याचा एका मुक्या जनावरालाही होतो, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हवेत.

त्याला आपण सरदार म्हणू. सातपूरच्या एखाद्या कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त, सोसायटीचा चेअरमन, लिफ्टमध्ये नोटिसा लावणारा. अशा माणसाला एक दिवस साक्षात्कार होतो की घोडेस्वारी आपल्या रक्तात आहे. पुराव्यासाठी फार लांब जावं लागत नाही. आनंदवल्ली गंगापूर रोडवरच आहे. राघोबादादा आणि आनंदीबाईंचं तिथं वास्तव्य होतं. "म्हणजे बघा," सरदार म्हणतात, "आपल्या दारातला माणूस घोड्यावर बसला तो थेट अटकेला उतरला!" 1758 च्या त्या मोहिमेत दादा स्वतः लाहोरपर्यंत गेले, पुढं अटकेकडे दौडले ते तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे. पण हे सरदारांना सांगायच्या फंदात पडू नये. ते लगेच पानिपतावर येतात आणि चहा गार होतो.

आता पूर्वानुभव. तो दोन प्रसंगांचा. एक स्वतःची वरात आणि दुसरा माथेरान. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात होता, घोडा चालत होता आणि सरदार वर होते. एवढ्या भांडवलावर ते थेट खरेदीला लागतात. गुडघ्यापर्यंतचे बूट, घट्ट ब्रीचेस, हेल्मेट, हातमोजे, शिवाय एक चाबूक, जो उस्ताद पहिल्याच दिवशी काढून घेऊन कपाटात ठेवतात. ब्रीचेस घालून हॉलमध्ये प्रथम प्रकट झाले तेव्हा वहिनींनी नखशिखांत पाहून घेतलं आणि विचारलं, "अहो, यात खाली बसता येतं का?" प्रश्न साधा होता. त्याची खोली सरदारांना पुढं कळली.

शिकण्याची जागा गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षबागांच्या मागं. लाकडी कुंपण घातलेलं वाळूचं मैदान, कडेला पागा, तिथं खराऱ्याचा आवाज आणि ओल्या गवताचा वास. उस्ताद फौजेतले निवृत्त दफेदार. बोलतात थोडं, तेही अर्धं फौजी हिंदीत. घोडी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, खांद्याशी 16 हात. घोड्याचा हात चार इंचांचा, म्हणजे जमिनीपासून 5 फूट 4 इंच नुसती पाठ सुरू व्हायलाच. एकेकाळी तिच्यावर लोकांनी पैसे लावलेले. आता तिच्यावर सरदार बसणार. निवृत्तीनंतर कोणाच्या वाट्याला काय येईल, सांगता येत नाही.

चढणं हे पहिलं प्रकरण. डावा पाय रिकिबीत, डावा हात आयाळीत, उजवा पाय वरून पलीकडे, असं ऐकताना वाटतं. प्रत्यक्षात सरदारांच्या बुटाचं टोक घोडीच्या बरगडीत रुततं. ती त्याला चालण्याचा हुकूम समजून चालू लागते, आणि सरदार एका पायावर लंगडी घालत तिच्या सोबतीनं निघतात. शेवटी लाकडी पायरी येते, मोतद्दार खालून जोर लावतो आणि गंगेत घोडं न्हातं. मग फोटो. सोसायटीच्या ग्रुपवर सरदारांचा जो भारदस्त फोटो झळकतो तो याच क्षणाचा. घोडी उभी आहे, मोतद्दार कापून टाकला आहे.

कदमचाल बरी जाते. कदमचालीत कोणीही सरदार असतो. खरा तमाशा दुडकीला.

दुडकीत घोड्याचे तिरप्या रेषेतले, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, असे पाय जोडीनं पडतात. दोन ठोक्यांची चाल. प्रत्येक ठोक्याला पाठ उसळते आणि वरच्या ऐवजाला वर फेकते. यावर उपाय जुना आहे: एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठायचं, दुसऱ्याला हलकं टेकायचं. सरदार मोठ्यानं "एक, दोन" मोजतातही. फक्त त्यांचा 'एक' घोडीच्या एक आणि दोनच्या मध्ये कुठंतरी पडतो. त्यामुळे ती वर येते तेव्हा हे खाली येत असतात. भेट मध्यावर होते. भेटीचा आवाज कुंपणापर्यंत येतो.

एकदा आदळले की माणूस जे करतो तेच सरदार करतात. गुडघे आवळतात. गुडघे आवळले की टाचा वर जातात, टाचा वर गेल्या की रिकीब सुटायला लागते, रिकीब सुटली की धड पुढं झुकतं, आणि झुकलेला माणूस सावरायला लगामाला लोंबकळतो. लगामाचं दुसरं टोक घोडीच्या तोंडात आहे. तिथली कडी दाबली की तिच्या भाषेत त्याचा अर्थ 'थांब'. ती थांबते. सरदार चिडून टाच मारतात. ती बिचारी पुन्हा उसळून निघते. पुन्हा गुडघे. उस्तादांच्या हातातल्या लांब दोरीवर घोडी गोल फिरत असते आणि सरदार त्या गोलाच्या आत आपला वेगळा गोल पुरा करत असतात.

"साहेब, एडी खाली. गुडघा सोडा."

"सोडला तर पडेन!"

"धरलाय म्हणून पडताय."

हे सरदारांना पटणं अवघड आहे. आयुष्यभर त्यांनी धरूनच सगळं चालवलं. कारखान्यात हजेरीपुस्तक धरलं, सोसायटीत पाण्याच्या टँकरचा हिशेब धरला, घरात टीव्हीचा रिमोट धरला. काहीही सोडलं की बिघडतं, हा त्यांचा अनुभव. आणि इथं एक दफेदार सांगतो की सोडा. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी सुमारे 2400 वर्षांपूर्वी लिहून गेला की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकून ताठ उभं राहिल्यासारखं बसावं. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात. सरदारांची सारी उमेद खुर्चीत गेली. घोडीवरही ते खुर्चीतच बसतात आणि नजर खाली, तिच्या मानेवर, फायलीवर ठेवावी तशी. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पुढं लोंबलं की उरलेला माणूस मागोमाग जातो. आत काय आहे त्यानं वजनात फरक पडत नाही.

घोडीला मात्र सगळं कळतं. पाठीवर माशी बसली तरी तेवढ्या जागेची कातडी थरथरवून उडवणारं हे जनावर. नव्वद किलोचा घाबरलेला माणूस तिला कळणार नाही? तिचा डावा कान सारखा मागं वळलेला असतो, वर काय चाललंय ते ऐकत. सरदार श्वास रोखून धरतात तशी तिची मान ताठते. फेरी संपता संपता ती नाक फुरफुरवते. सरदारांच्या मते हा तिचा उर्मटपणा.

त्याच मैदानात तिसरी-चौथीतली एक मुलगी दोन वेण्या उडवत चौखूर जाते. भोसला मिलिटरी स्कूल डॉ. मुंजे यांनी 1937 साली काढल्यापासून या गावाला रिकिबीतली पोरं नवीन नाहीत. तिथले विद्यार्थी, म्हणजे रामदंडी, घोड्यावर पाहून नाशिककर मानही वळवत नाहीत. पण ही चिमुरडी सरदारांच्या शेजारून जाताना वेग कमी करते आणि आपुलकीनं सांगते, "काका, श्वास घ्या ना!" त्या दिवशी सरदार वेळेआधी उतरतात.

मग कारणमीमांसा. ती रविवारी मिसळीच्या ठेल्यावर होते. बाकी मंडळी बाकावर, सरदार उभे राहून रस्सा ओरपतायत. बसा म्हटलं तर "नको, पचन चांगलं होतं." घोडीचं तोंड कडक आहे. तंग ढिला होता. मैदानाला उतार आहे. उस्तादांचं हिंदी समजत नाही. आणि मुख्य म्हणजे खोगीर विलायती. "आपले लोक या असल्या चिंचोळ्या चामड्यावर बसत होते का हो?" हा एक मुद्दा मी तरी सोडून देणार नाही. भीमथडीची तट्टं बुटकी, चिवट, आणि वर जाड गादीचं खोगीर; त्या बैठकीची तऱ्हा निराळी. बाजीराव चालत्या घोड्यावर कणसं चोळून खात, अशी आख्यायिका आहे. सरदारांना चालत्या घोडीवर हेल्मेटचा पट्टा सारखा करता येत नाही. पण तो खोगिराचा दोष, असं ठरल्यावर मंडळी दुसरा पाव मागवतात.

ठेल्यावरून घरी जाईतो घोडी 'उधळली' होती आणि सरदारांनी तिला 'आवरली' होती. संध्याकाळी बागेतल्या बाकाजवळ (तिथंही उभ्यानं) ती मागच्या दोन पायांवर झाली होती.

अखेर सरदार निर्णय घेतात. भाड्याच्या जनावराला धन्याची ओळख नसते, दहाजण बसून त्याची चाल बिघडते, तेव्हा घोडी आपली हवी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार नामांकित. पंचकल्याणी मिळाली तर उत्तम. रात्री जेवताना ते हे जाहीर करतात. चंदी किती, चारा कुठून, नालबंद कोण, सगळा हिशेब कागदावर मांडलेला. वहिनी शांतपणे पोळीवर तूप लावत असतात.

"आणि ठेवणार कुठे?"

"खाली. आपल्या पार्किंगमध्ये."

"तिथं गाडी आहे. आणि एका फ्लॅटला एकच जागा, हा ठराव तुम्हीच केला होतात ना? लिफ्टमध्ये लावलाय अजून, तुमच्या सहीचा."