'डीप स्पेस नाइन'च्या निगेटिव्हवर बसलेल्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि ते शोधण्यात अर्थही नाही. तुमच्या खुर्चीवर गेल्या काही वर्षांत बरीच माणसं बसून गेली. कंपन्या एकत्र झाल्या, त्यांची नावं बदलली, मालक बदलले. प्रत्येक नवा साहेब जुन्या साहेबाचं बाकी सगळं मोडीत काढतो, एक नकार मात्र जसाच्या तसा पुढे चालवतो. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ब्लू-रेवर येणार नाही, हा तो नकार. हे पत्र त्या नकाराच्या धन्याला आहे.

माझ्या कपाटात 'स्टार ट्रेक'च्या दोन मालिका शेजारी शेजारी आहेत. 'नेक्स्ट जनरेशन'चे सातही सीझन ब्लू-रेवर. 'डीप स्पेस नाइन'चे सातही सीझन डीव्हीडीवर, २००३ साली निघालेले. दोन्ही मालिका हॉलिवूडमध्ये एकाच स्टुडिओच्या आवारात, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाल्या. दोन्हींचा मेकअप मायकेल वेस्टमोर यांच्या देखरेखीखाली झाला. त्यांचं काम पाहायचं तर कार्डेशियन या परग्रहावरच्या जमातीतल्या माणसाचा चेहरा पाहावा. कपाळावरून निघून मानेवर पसरत जाणारे कंगोरे, खवले, त्यांच्यावरच्या रंगाच्या बारीक छटा. 'नेक्स्ट जनरेशन'च्या डिस्कवर ते खवले वेगवेगळे दिसतात. 'डीप स्पेस नाइन'मध्ये तसाच चेहरा मोठ्या पडद्यावर करड्या रंगाचा एक फराटा होऊन जातो. अमेरिकी डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ४८० ठिपके असतात. जुन्या टीव्हीच्या आकारातलं तेच चित्र ब्लू-रेवर १४४० गुणिले १०८० ठिपक्यांचं होतं, म्हणजे बरोबर साडेचारपट. एवढा तपशील फिल्मवर आहे, १९९२ ते १९९९ या काळात कॅमेऱ्याने तो टिपून ठेवलेला आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्याकडे म्हणतात. तुमचा आड काठोकाठ भरलेला आहे. तुम्ही पोहराच सोडू देत नाही.

अडचण काय आहे ते मला माहीत आहे, तेव्हा ती समजावून सांगायची तसदी घेऊ नका. त्या काळी या मालिका फिल्मवर चित्रित व्हायच्या, पण ती फिल्म लगेच व्हिडिओटेपवर उतरवली जायची. पुढचं संकलन, जहाजांची दृश्यं, फेझरचे किरण, ट्रान्सपोर्टरची चमक, सगळं टेपवरच जुळवलं जायचं. पैसे वाचायचे, वेळ वाचायचा. त्यामुळे निगेटिव्ह कधी कापून जोडलीच गेली नाही. तयार भाग आहे तो फक्त टेपवर, आणि टेपची ताकद डीव्हीडीपुरतीच. १९६० च्या दशकातली मूळ 'स्टार ट्रेक', जी आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली, ती शेवटपर्यंत फिल्मवरच पूर्ण झाली होती. म्हणून वयाने सगळ्यांत मोठी असूनही तिचं चित्र ब्लू-रेला लवकर मिळालं.

आणि तरीही 'नेक्स्ट जनरेशन' तुम्हीच वाचवलीत. २५ हजारांहून अधिक रिळं बाहेर काढलीत. १७८ भागांसाठी एकेक शॉट शोधला गेला, नव्याने स्कॅन झाला, मूळ संकलनाशी ताडून पुन्हा जोडला गेला. एंटरप्राइज या जहाजाच्या मॉडेलची मूळ फिल्म शोधून तिचे थर परत एकावर एक बसवले गेले. मायकेल आणि डेनिस ओकुडा यांच्यासारखी, मालिकेचा कोपरा न् कोपरा ओळखणारी माणसं सल्ल्याला घेतलीत. 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागाची लांब आवृत्ती लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांच्याकडच्या व्हीएचएस कॅसेटवर उरली होती. तिच्या आधारे तो वाढीव भाग दुसऱ्या सीझनच्या सेटमध्ये दिलात. पहिल्या सीझनच्या डिस्कवर आवाजाचे चॅनल चुकले, तेव्हा बदली डिस्क देण्याची सोय केलीत. जानेवारी २०१२ मध्ये तीन भागांची नमुना डिस्क आली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सातवा सीझन. तीन वर्षांच्या आत सगळं पूर्ण. जुन्या टीव्ही मालिकेच्या जतनाचं इतकं कसून केलेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

म्हणूनच राग जास्त आहे. 'जमत नाही' हे शब्द तुमच्या तोंडी शोभत नाहीत.

मग कारण काय सांगितलं जातं? 'नेक्स्ट जनरेशन'च्या ब्लू-रेची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. साहेब, सेट महाग ठेवलेत तुम्ही. लोक डिस्क सोडून स्ट्रीमिंगकडे वळत होते तेव्हा बाजारात उतरलात तुम्ही. ज्यांनी सीझनमागून सीझन पूर्ण पैसे मोजून घेतले, त्यांची संख्या कमी भरली म्हणून शिक्षा त्यांनाच. ज्यांनी घेतले नाहीत त्यांचं काहीच बिघडलं नाही. भारतातल्या संग्राहकाचं तर विचारूच नका. ब्लू-रेच्या जागतिक वाटणीत आपण 'सी' विभागात येतो. बहुतेक सेट परदेशातून मागवायचे, टपालखर्च भरायचा, कस्टम भरायचं, आणि तेही आधी डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल की नाही याची खात्री करून. एवढं करून घेणारा माणूस तुमच्या हिशेबात ग्राहकच नाही का?

दुसरं कारण संगणकाचं. 'डीप स्पेस नाइन'च्या पुढच्या सीझनमध्ये अंतराळातल्या लढाया संगणकावर बनल्या, त्या काळच्या टीव्हीला पुरेल एवढ्याच बारकाईने. त्या पुन्हा रेंडर कराव्या लागतील किंवा नव्याने बनवाव्या लागतील. हे खरं आहे आणि त्याला पैसा लागेल हेही खरं आहे. पण ही मालिका मोठी झाली ती लढायांवर नाही. पहिल्या सीझनमधला 'ड्युएट' घ्या. अंतराळ स्थानकावरची एक कोठडी, आत छळछावणीतला गुन्हेगार असल्याचा आरोप असलेला एक कार्डेशियन आणि बाहेर त्याला जाब विचारणारी मेजर किरा. बहुतांश भाग म्हणजे ही दोन माणसं आणि त्यांचं बोलणं. हॅरिस युलिन आणि नाना व्हिजिटर यांच्या चेहऱ्यांवर जे घडतं त्याच्यासाठी एकही जहाज रेंडर करावं लागत नाही. ते चेहरे निगेटिव्हवर आहेत, तुमच्याच गोदामात.

लढायांचंही सांगतो. 'बॅबिलॉन ५' ही याच काळातली दुसरी अंतराळ स्थानकाची मालिका, दुसऱ्या कंपनीची, बजेटच्या बाबतीत कायम ओढग्रस्त. तिच्यातलंही अंतराळ पहिल्यापासून संगणकावर बनलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये तीही ब्लू-रेवर आली. माणसांची दृश्यं फिल्मवरून स्कॅन केलेली, संगणकी दृश्यं मात्र जुनीच, मोठी करून बसवलेली. जहाज आलं की चित्र मऊ पडतं, हे दिसतं. आम्ही ते पाहिलं, समजून घेतलं आणि सेट विकत घेतला. तुम्हीही तेवढं करा. तडजोड आम्हाला चालते. काहीच न मिळणं चालत नाही.

तुमच्याऐवजी हे काम कोणी सुरू केलं, ठाऊक आहे? प्रेक्षकांनी. मालिकेचे निर्माते आयरा स्टीव्हन बेअर यांनी 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' हा माहितीपट लोकवर्गणीतून उभा केला. २०१९ मध्ये तो आला आणि त्यात 'डीप स्पेस नाइन'ची काही मिनिटं मूळ फिल्मवरून एचडीत आणलेली होती. स्थानकाचा कमांडर सिस्को याच्या गणवेशाचं कापड, स्थानकाच्या भिंतींचा गंज, क्वार्कच्या बारमधले दिवे पहिल्यांदाच धड दिसले. आज ही मालिका खऱ्या एचडीत डिस्कवर पाहायची तर त्या माहितीपटाची डिस्क घ्यावी लागते. मालिका तुमची, फिल्म तुमची, आणि खिशात हात घातला प्रेक्षकांनी.

स्ट्रीमिंगवर आहे ना, असं म्हणू नका. तिथे दिसतं ते टेपवरचंच धूसर चित्र. आणि स्ट्रीमिंगचा भरवसा काय असतो ते तुमच्याच घराने दाखवून दिलं. जून २०२३ मध्ये 'स्टार ट्रेक: प्रॉडिजी' ही मालिका तुमच्या स्वतःच्या सेवेवरून काढून टाकली गेली. मुलांसाठी बनवलेली, नवी कोरी मालिका. पुढे ती दुसऱ्या सेवेवर गेली. पण मधल्या महिन्यांत ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या घरी ती कायदेशीरपणे, हवी तेव्हा लागत होती. डिस्क जमवणाऱ्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे असं तुम्हाला वाटतं. नाद नाही, हा तुमच्याकडून शिकलेला धडा आहे.

आता वेळेचं. ओडो साकारणारे रेने ऑबर्जनॉय २०१९ मध्ये गेले. नॉग साकारणारा आरोन आयझेनबर्ग त्याच वर्षी गेला. काय विन साकारणाऱ्या लुईज फ्लेचर २०२२ मध्ये गेल्या. 'द व्हिजिटर'मध्ये बापाला परत मिळवण्यासाठी आयुष्य घालवणारा मोठेपणीचा जेक साकारणारे टोनी टॉड २०२४ मध्ये गेले. आपलं सगळं काम नीट, स्वच्छ, कॅमेऱ्याने पाहिलं तसं जगासमोर येताना यांतल्या कोणालाच पाहायला मिळालं नाही. ज्यांनी हे भाग लिहिले, जुळवले, ज्यांना कुठला शॉट कुठल्या रिळात असेल याचा अंदाज आहे, त्यांचंही वय वाढतं आहे. 'नेक्स्ट जनरेशन'च्या वेळी विचारायला माणसं होती. तुम्ही आणखी किती थांबणार आहात?

१९९८ सालचा 'फार बियॉन्ड द स्टार्स' तुम्ही पाहिला आहे का? सिस्को साकारणाऱ्या एव्हरी ब्रूक्स यांनी तो दिग्दर्शितही केला आहे. १९५० च्या दशकातलं न्यूयॉर्क. बेनी रसेल हा कृष्णवर्णीय लेखक एका विज्ञानकथा मासिकासाठी अंतराळ स्थानकाची गोष्ट लिहितो, आणि त्या स्थानकाचा कमांडर कृष्णवर्णीय असतो. मासिकाचा मालक तो अंक बाजारात जाऊ देत नाही, अख्खा अंक रद्दीत घालतो. कथेत काही खोट नसते, सहकाऱ्यांना ती आवडलेली असते. तरी वाचकांपर्यंत ती पोचत नाही, कारण वर बसलेल्या एका माणसाने ठरवलेलं असतं. वंशद्वेषाचा आरोप मी तुमच्यावर करत नाही. पण त्या गोष्टीत बेनी आहे, सहकारी आहेत, मासिकाचा मालक आहे. तुमची जागा यांतली कुठली, ते तुम्हीच भाग पाहून ठरवा.

सातही सीझन एकदम मागत नाही. २०१२ सारखी एक नमुना डिस्क काढा. 'ड्युएट', 'द व्हिजिटर' आणि 'फार बियॉन्ड द स्टार्स', एवढे तीनच भाग, जिथे अंतराळातल्या लढायांची सबब चालत नाही. किंमत रास्त ठेवा, आगाऊ मागणी घ्या, आकडे जाहीर करा. मागणी आली तर पहिल्या सीझनच्या कामाला लागा. आणि त्यापलीकडे खर्च करायची तयारी खरंच नसेल, तर निगेटिव्ह स्कॅन करायचे हक्क अशा कोणाला तरी विका, ज्याला हे काम करायचं आहे.

कळावे,

'डीप स्पेस नाइन'चा एक ग्राहक