आनंदाने भोक पडलेली माणसं

लिंक्डइनवर कुणाला नुसती नोकरी लागत नाही. माणूस आधी ‘थ्रिल्ड’ होतो आणि मगच बातमी कळवतो. नाशिकचा मुलगा पुण्यात टीम लीड झाला तरी थ्रिल्ड, आणि तीन तासांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं तरी थ्रिल्डच. हा शब्द निघाला जुन्या इंग्रजीतल्या ‘भोक पाडणे’ या क्रियापदातून. नाकपुडीला इंग्रजीत ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात, त्यातलं ‘ट्रिल’ ते हेच. थोडक्यात, मूळ अर्थाने घेतलं तर बढती मिळालेला हा होतकरू इंजिनियर चारचौघांत सांगत असतो की, कळवायला अतिशय भोक पडलंय. ब्रिटिश माणूस त्याच्याही पुढे जाऊन ‘थ्रिल्ड टू बिट्स’ होतो. भोकावर भागत नाही, तुकडेच व्हावे लागतात.

इंग्रजीतले आनंदाचे बरेचसे शब्द असे दुसऱ्याच खात्यातून बदली होऊन आलेले आहेत. ‘टेरिफिक’ आला भीतीच्या खात्यातून. ‘टेरर’ त्याचा सख्खा भाऊ. ‘ट्रिमेंडस’ म्हणजे मुळात थरकाप उडवणारं. ‘ऑसम’ पूर्वी देवाच्या धाकासाठी राखून ठेवलेला असायचा, आता तो पनीर टिक्का पिझ्झालाही मिळतो. जुनी भीती वापरून वापरून गुळगुळीत झाली, म्हणून नव्या पिढीने आजारपणाकडे मोर्चा वळवला. अमेरिकेतला पोरगा मित्राच्या नव्या बुटांना ‘सिक’ म्हणाला, तर मित्र खूश होतो. हे त्याच्या आजीला समजावून सांगायला कुणी जात नसावं.

‘गॉश’, ‘गॉली’, ‘जी’ ही मंडळी तशी सोवळ्यातली. देवाचं आणि येशूचं नाव उगाच घेऊ नये, पण तोंडातून तर काहीतरी निघणारच, म्हणून अर्ध्यावर वळवलेले हे उच्चार.

त्यातल्या त्यात ‘वाव’ खानदानी. गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीने व्हर्जिलच्या ‘ईनिड’चं भाषांतर 1513 मध्ये पुरं केलं, त्यात तो सापडतो. मिसळीची पहिली तर्री जिभेवर पडताच ‘वाव’ म्हणणाऱ्या कोल्हापूरकराच्या पाठीशी पाचशे वर्षांची परंपरा आहे. अर्थात, ‘लई भारी’ला त्याची गरज नाही.

सगळ्यात चमत्कारिक कथा ‘जेरोनिमो’ची. अमेरिकेतली मुलं हे नाव ओरडत स्विमिंग पूलमध्ये उडी टाकतात. 1940 साली जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगच्या तळावर विमानातून पॅराशूटने उड्या मारण्याची चाचणी चालू होती. आदल्या रात्री काही जवान सिनेमाला गेले. सिनेमात जेरोनिमो हा अपाची लढवय्या होता. परतताना ऑब्री एबरहार्ट या शिपायाला मित्रांनी डिवचलं, उद्या भीतीने तुला स्वतःचं नावही आठवणार नाही. हा म्हणाला, बघाच, उडी मारताना ‘जेरोनिमो’ म्हणून ओरडतो. दुसऱ्या दिवशी तो खरंच ओरडला. बाकीच्यांनी ते उचललं, आणि पुढे एका पॅराशूट पलटणीने हे नाव आपल्या बोधचिन्हावरच घातलं. खऱ्या जेरोनिमोने 1886 मध्ये याच अमेरिकी सैन्यापुढे शरणागती पत्करली होती आणि 1909 मध्ये त्यांचा युद्धकैदी असतानाच तो वारला. आपल्या नावाने पोरं पाण्यात धपाधप पडतील, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं, असं वाटत नाही.

एवढा दारूगोळा हाताशी असून इंग्लंडातला जुन्या वळणाचा माणूस सर्वोच्च आनंदाला ‘नॉट बॅड’ म्हणतो. सदाशिव पेठेत त्याला भाड्याने खोली मिळायला अडचण येऊ नये.

छापलेल्या आनंदाचं तर विचारूच नका. कित्येक जुन्या इंग्रजी टाइपरायटरांवर उद्गारचिन्हाची कळच नसे. टायपिस्टने आधी अपॉस्ट्रॉफी मारायची, मग बॅकस्पेस दाबून एक घर मागे यायचं आणि तिच्याखाली पूर्णविराम ठोकायचा. ‘हुर्रे’ला तीन ठोके जादा पडत असल्याने माणसं हिशेबात आनंदत. एलमोर लेनर्ड या कादंबरीकाराने तर नियमच घालून दिला, की एक लाख शब्दांमागे दोन किंवा तीन उद्गारचिन्हं, बस्स. आज तेवढी चिन्हं हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ‘हॅपी बर्थडे’ला लागतात.

राहिला ‘याहू’. जोनाथन स्विफ्टने 1726 च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये हे नाव माणसासारख्या दिसणाऱ्या, केसाळ, घाणेरड्या प्राण्यांना दिलं; त्यांच्यापेक्षा घोडे सुसंस्कृत. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांना आपल्या वेबसाइटसाठी 1994 मध्ये हा शब्द आवडला, तोही त्यातल्या रांगडेपणामुळे. पण मुंबईच्या सिनेमाने त्यांच्या कितीतरी आधी बाजी मारली होती. 1961 मध्ये शम्मी कपूर बर्फावरून घसरत ‘याहू’ ओरडला तेव्हा स्विफ्टचा विचार कुणाच्या डोक्यात असेल असं नाही, पण चित्रपटाचं नाव होतं ‘जंगली’! गाणं मोहम्मद रफींचं, आरोळी मात्र प्रयाग राज यांची. हेच गृहस्थ पुढे ‘अमर अकबर अँथनी’च्या पटकथेवर झळकले.